निदान

आयुष्याची चाळीस वर्षे साहित्याची चिकित्सा करण्यात घालवलेल्या माणसाला मोटारीच्या बिघाडाविषयी लिहावेसे वाटावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. ते मलाही वाटले आहे. परंतु एका जुन्या मोटारीने आणि ती दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनी माझ्या व्यवसायाविषयी मला जे शिकवले, ते विद्यापीठातल्या कोणत्याही चर्चासत्रात मला मिळाले नव्हते. शिवाय त्याच ओघात पन्नास वर्षांपूर्वीच्या एका दुपारचा जो उलगडा झाला, तो लिहून ठेवला नाही तर माझ्यानंतर कुणालाच कळणार नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मोटार फियाट 1100, सन 1966 ची. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. घराणे इटालियन, जन्म मुंबईचा. 1089 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, सुकाणूच्या खांबालाच बसवलेला गियरचा दांडा, आणि बॉनेट उघडले की प्रत्येक अवयव निरनिराळा दिसेल, हाताला लागेल अशी मोकळी रचना. पुढे 1970 च्या दशकात याच गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईच्या रस्त्यांची ओळख बनली. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीवर लिहावेत तसे लेख तिच्यावर लिहिले. 2021 मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीनंतर पन्नास वर्षे उलटलेली मोटार ‘व्हिन्टेज’ या वर्गात मोडते. मी आमच्या गाडीहून सात वर्षांनी मोठा आहे. माझ्याविषयी असा काही नियम अद्याप झालेला नाही.

गाडी माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पुण्यात सदाशिव पेठेत त्यांचा दवाखाना होता आणि ते आयुर्वेदाची वैद्यकी करीत. 1970 साली त्यांनी ही गाडी आपल्या एका रुग्णाकडून जुनी म्हणून घेतली. नव्या गाडीसाठी तेव्हा वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि तेवढी वाट पाहण्याइतके पैसेही त्यांच्याकडे नव्हते. 2011 मध्ये अण्णा गेले. त्यानंतर गाडी वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कापडाखाली झाकलेली होती. मी सेवानिवृत्त झाल्यावर, करोनाच्या साथीतला सक्तीचा निवांतपणा संपता संपता, ती बाहेर काढली. हे करण्यामागे प्रेम होते की अपराधभावना, याचा निर्णय तेव्हा मी केला नाही. समीक्षकाला स्वतःच्या हेतूंची समीक्षा नेहमीच उशिरा सुचते.

दोन वर्षे गाडी नीट चालली. पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यावे, एवढाच तिचा आणि माझा व्यायाम होता. 2024 च्या उन्हाळ्यात मात्र तिला एक विचित्र खोड लागली. सकाळी ती पहिल्या झटक्याला सुरू होई, वीसेक मिनिटे सुरळीत चाले, मग चढावर किंवा वेग घेताना दोन आचके देई आणि बंद पडे. स्टार्टर फिरे, पण इंजिन पकडत नसे. रस्त्याच्या कडेला दहा-पंधरा मिनिटे थांबले की जणू काही झालेच नाही अशा थाटात ती पुन्हा सुरू होई. घरी आणली की अगदी निर्दोष! जे लक्षण वैद्यासमोर कधीच प्रकट होत नाही, अशा आजाराचा रुग्ण ज्यांनी पाहिला असेल, त्यांना माझी स्थिती कळेल.

मी काय केले? विद्वान मनुष्य करील तेच केले. चार पुस्तके वाचली आणि नाना पेठेतल्या एका दुकानातून सगळेच नवे सामान आणले. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळे एका रविवारी बदलून टाकले. सोमवारी गाडी फाटकाबाहेरसुद्धा जाईना. चारांतले एक सिलिंडर कधी बोले, कधी मौन धरी. मिस्त्री लोक ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात, ते सुरू झाले. तेव्हा, अण्णांच्या काळापासून या गाड्या जाणणारे जे एक मिस्त्री नाना पेठेतच होते, त्यांच्याकडे मी शरण गेलो. वय पंचाहत्तरच्या पुढे, दृष्टी अधू, पण कान शाबूत. गॅरेज त्यांनी मुलावर सोपवलेले. स्वतः बाकड्यावर बसून येणारी-जाणारी गाडी केवळ ऐकत असत.

“सर, काय काय बदललंत?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

“सगळंच,” मी काहीशा अभिमानाने सांगितले.

ते हसले. “म्हणजे आता आजार दोन झाले. एक गाडीचा, एक तुमचा. आधी तुमचा काढू.”

त्यांनी माझे सगळे नवे सामान उतरवले आणि जुने परत बसवले. पण एकदम नव्हे. एक वस्तू बसवायची, गाडी सुरू करायची, ऐकायचे, मग दुसरी. कॉइल बदलली, फरक नाही. प्लग बदलले, फरक नाही. कंडेन्सर जुना बसवला आणि चारही सिलिंडर एका सुरात बोलू लागले. माझा कोरा करकरीत कंडेन्सर मुळातच खोटा होता. पॉइंट उघडताना तिथे उसळणारा विजेचा लोट सामावून घेणे हे त्या बोटाच्या पेराएवढ्या डबीचे काम. ते तिने केले नाही, तर ठिणगी प्लगवर पडण्याऐवजी पॉइंटवरच जळत राहते. मिस्त्रींनी पॉइंटवरचे करपलेले डाग मला दाखवले आणि म्हणाले, “नवीन म्हणजे चांगलं असं नसतं, सर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाही तर गाडी काय सांगतेय ते कळत नाही.”

एका वेळी एकच. हे सूत्र मी माझ्या संशोधक विद्यार्थ्यांना कधी इतक्या स्वच्छपणे सांगितल्याचे मला आठवत नाही. एखादी कादंबरी फसली असे आपण म्हणतो आणि त्याची कारणे एका दमात सांगतो: लेखकाची दृष्टी, भाषेचा सैलपणा, काळाचा रेटा, वर्गीय मर्यादा. सगळे सामान एकाच रविवारी बदलून टाकतो. यांतल्या कोणत्या कारणाने कोणते लक्षण उपजले, हे वेगळे करून दाखवण्याची तसदी आपण घेत नाही. किंबहुना अनेक कारणे सांगितली म्हणजे निदान सखोल झाले, असा आपला समज असतो.

आता मूळचा आजार उरला. मिस्त्रींच्या मते इंजिन आयुष्यभर तीनच गोष्टी मागते: हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, योग्य क्षणी ठिणगी, आणि सिलिंडरात पुरेसा दाब. बंद पडलेली गाडी यांतली एखादी गोष्ट मिळत नसल्याची तक्रार करीत असते. दाब दहा मिनिटांत जाऊन पुन्हा येत नाही, म्हणून तो संशयातून वगळला. उरल्या दोन. गरम झाल्यावर कॉइल दगा देऊ शकते, पेट्रोलही अडू शकते. दोन्हींचे बाह्य रूप एकच, गाडी बंद. “बंद पडेल तेव्हाच बघायला पाहिजे. थंड झाल्यावर सगळ्या गाड्या खोटं बोलतात,” असे सांगून त्यांनी मला विचारले, “वैद्यबुवांनी काही लिहून ठेवलंय का? ते लिहायचे. माझ्यासमोर बसून लिहायचे.”

अण्णा मोटारीविषयी काही लिहीत असत, हे मला ठाऊक नव्हते. घरी येऊन त्यांचे कपाट उघडले. रुग्णांच्या नोंदवह्या वर्षवार लावलेल्या होत्या. माधवनिदानाची जीर्ण प्रत त्यांच्या कडेला होती. 1970 च्या वहीला लागून तशीच एक कापडी बांधणीची वही निघाली. वर नाव नव्हते. आत पहिल्या पानावर गाडीचा क्रमांक, आणि त्याखाली अण्णांचे ते बारीक, उजवीकडे कललेले अक्षर.

वाचकांपैकी पुष्कळांना निदानपंचक ठाऊक असेल. रोग ओळखण्याची पाच साधने आयुर्वेदाने सांगितली आहेत: हेतू, म्हणजे कारण, पूर्वरूप, म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीच्या खुणा, रूप, म्हणजे प्रकट लक्षणे, उपशय, म्हणजे ज्या औषधाने, आहाराने वा वागण्याने बरे वाटते ते, आणि संप्राप्ती, म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कसकसा घडत गेला त्याची वाट. यांतले उपशय हे साधन मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. ज्याची लक्षणे लपलेली आहेत असा रोग, कशाने बरे वाटते आणि कशाने वाढते यावरून ओळखावा, असे शास्त्र सांगते. उपचार हाच तिथे प्रश्न असतो आणि रुग्णाचे शरीर त्याचे उत्तर देते.

अण्णांनी मोटारीच्या प्रत्येक दुखण्याची नोंद याच पाच मथळ्यांखाली केलेली होती. ‘पूर्वरूप: उतारावर फटफट आवाज. रूप: सकाळी सुरू होण्यास त्रास. उपशय: चोक ओढल्यावर बरे. हेतू: कार्बोरेटरच्या बुडाशी हवा शिरते. संप्राप्ती: गॅस्केट वाळले, मिश्रण विरळ झाले.’ पान उलटावे तो प्लगच्या टोकांचे रंग नोंदलेले: काजळीसारखा काळा, म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका, म्हणजे कमी, विटकरी, म्हणजे प्रकृती उत्तम. रुग्णाची जीभ पाहावी तसे ते प्लग पाहत असावेत. मी हसत वाचत होतो. मग मे 1974 चे पान आले आणि हसू थांबले.

त्या महिन्यात देशभर रेल्वेचा संप चालू होता आणि एस.टी.च्या गाड्यांना मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. आदल्या वर्षीच्या तेलसंकटापासून पेट्रोल इतके महागले होते की, अण्णा गाडी आठवड्यातून एकदाच काढीत. अशात एका सकाळी वाईहून तार आली. आजी अत्यवस्थ होती. आजी म्हणजे अण्णांची आई. बाराच्या सुमारास आम्ही निघालो: अण्णा, आई आणि पंधरा वर्षांचा मी. कात्रजचा घाट ओलांडला, शिरवळ मागे पडले, आणि दोनच्या उन्हात खंबाटकीच्या चढणीवर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

अण्णांनी बॉनेट उघडले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. रुग्णाजवळ बसलेला त्यांचा शांत चेहरा मी शेकडो वेळा पाहिला होता. तो हा नव्हता. कार्बोरेटरमध्ये कचरा आला असणार, असे म्हणून त्यांनी तो तिथेच उघडायला घेतला. वर्तमानपत्र पसरले. एकेक भाग काढून ते माझ्या हातात देऊ लागले. त्यात पितळेचा जेट होता, हरभऱ्याएवढा, मधोमध केसासारखे छिद्र असलेला. पेट्रोल इंजिनात किती जावे हे ते छिद्र ठरवते. तो माझ्या घामेजल्या बोटांतून निसटला आणि रस्त्याच्या कडेच्या फुफाट्यात पडला.

तो शोधायला पाऊण तास लागला. कुणी काही बोलले नाही. अण्णा गुडघ्यांवर बसून बोटांनी धूळ चाळत होते. आई पदराचा आडोसा करून उभी होती. जेट सापडला, फुंकला, बसवला. सगळी जुळवाजुळव होईपर्यंत पाच वाजले. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. “कचराच होता,” अण्णा म्हणाले. सहा वाजता आम्ही वाईला पोचलो. आजी साडेचारला गेली होती. शेवटपर्यंत दाराकडे पाहत होती, असे आत्याने सांगितले. आत्याला ते सांगण्यावाचून राहवले नसेल. परंतु काही वाक्ये ऐकणाऱ्याच्या अंगात घर करून राहतात.

पुढे घरात हा विषय कधी निघाला नाही. नातेवाइकांत मात्र वैद्यबुवांची गाडी ऐन वेळी दगा देते, असे बोलले जाई आणि अण्णा ते ऐकून घेत. माझ्या लेखी गाडीचा दोष नव्हताच. दोष माझ्या बोटांचा होता. पाऊण तास माझा होता. हा हिशेब मी पन्नास वर्षे मनाशी मांडत आलो. अण्णांपाशी तो कधी काढला नाही. आणि त्यांनी विषय टाळला की, त्या टाळण्यात मला आरोप दिसे. आमच्या दोघांतले अंतर त्या उन्हाळ्यापासून वाढले, असे मी धरून चाललो होतो. मी वैद्यकीकडे न जाता साहित्याकडे वळलो, त्याचेही एक टोक मी खंबाटकीच्या त्या वळणाला बांधून ठेवले होते.

वहीतले पान दोन शाईंत आहे. निळ्या शाईत, घटनेच्या दोन-चार दिवसांनंतरची नोंद: ‘रूप: चढणीवर दुपारी 2 वाजता आचके, बंद. हेतू: जेटमध्ये कचरा. उपशय: कार्बोरेटर साफ केल्यावर सुरू.’ संप्राप्तीची जागा मोकळी सोडलेली. मग काळ्या शाईत, तीन वर्षांनंतरची, एप्रिल 1977 ची तारीख घालून केलेली दुरुस्ती. ‘जेटमध्ये कचरा’ हे शब्द एका सरळ रेघेने खोडलेले आहेत. उपशयाची ओळही खोडलेली आहे, आणि तिच्याशेजारी लिहिले आहे: ‘ओले फडके पंपावर. दहा मिनिटे.’ त्याखाली संप्राप्ती: ‘चढण, दुपार, इंजिनाची उष्णता पंपास. पेट्रोलची वाफ. पंप वाफ दाबतो, पेट्रोल येत नाही. थंड झाल्यावर आपोआप बरे.’

1977 च्या त्या दिवशी काय घडले, हे लगतच्या पानावर आहे. बोरघाटात गाडी तशीच थांबली असता एका ट्रकचालकाने उतरून पेट्रोलच्या पंपावर पाण्याने भिजवलेले फडके टाकले आणि गाडी सुरू करून दिली. एवढेच. यात त्या गाडीचे काही न्यून नव्हते. पेट्रोलमधले हलके अंश आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या दुपारी सहज उकळतात, आणि तो पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असल्याने घाटातली सगळी धग त्याला लागते. त्या काळातल्या अनेक गाड्यांची हीच प्रकृती होती, आणि घाटातला प्रत्येक अनुभवी चालक जवळ फडके आणि पाण्याची बाटली बाळगत असे.

म्हणजे खंबाटकीत कार्बोरेटर उघडण्याची गरजच नव्हती. तो उघडून साफ करून बसवण्यात तीन तास गेले; त्या तीन तासांत पंप निवला आणि गाडी सुरू झाली. साफसफाईनंतर सुरू झाली, म्हणून साफसफाईमुळे सुरू झाली, असे अण्णांना वाटले. चुकीच्या निदानाला रुग्णानेच बरे होऊन दुजोरा दिला. वैद्यकात आणि समीक्षेत याहून फसवा क्षण नाही. दहा मिनिटे फडके ठेवले असते, किंवा काहीही न करता अर्धा तास झाडाच्या सावलीत बसले असते, तरी आम्ही साडेतीनच्या आत वाईला पोचलो असतो.

हे सर्व अण्णांना 1977 साली कळले होते. पानावर हेतूच्या मथळ्यापुढे, खोडलेल्या शब्दांच्या जागी, त्यांनी काळ्या शाईत दोनच गोष्टी लिहिल्या आहेत: ‘उष्णता. वैद्याची घाई.’

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. निळ्या शाईत पाहिले, काळ्या शाईत पाहिले, समासात पाहिले, पान उजेडापुढे धरून पाहिले. जेट पडल्याची नोंद कुठेही नाही. प्लगच्या रंगाची छटा टिपणाऱ्या, गॅस्केटचा वाळलेपणा लिहिणाऱ्या त्या माणसाने पाऊण तासाच्या त्या शोधाविषयी एक अक्षर लिहिलेले नाही. जे कारण नव्हते, ते त्यांनी कारणांत धरले नव्हते. संहितेत जे नाही त्याचा अर्थ लावण्यात आम्हा समीक्षकांना मोठी गोडी असते. या रिकाम्या जागेचेही मला तीन-चार अन्वयार्थ सुचले. मुलाला सांभाळून घेतले, असा एक. स्वतःच्या ओझ्याखाली त्यांना माझे ओझे दिसलेच नाही, असा दुसरा. यांतला कोणताही मी आता निवडणार नाही. एका वेळी एकच गोष्ट: नोंद नाही, एवढेच मला निश्चित ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गॅरेजात गेलो. अर्थात मनातल्या मनात निदान झालेलेच होते. डिकीत पाण्याची बाटली आणि फडके ठेवले, मिस्त्रींना शेजारी बसवले आणि आम्ही कात्रजच्या चढणीला लागलो. ठरल्याप्रमाणे आचके आले, गाडी थांबली. मी जवळजवळ आनंदाने उतरलो आणि पंपावर ओले फडके ठेवले. दहा मिनिटे गेली. गाडी सुरू झाली. मी विजयाने पाहिले. मिस्त्री म्हणाले, “आता पुढच्या वेळी फडकं न ठेवता दहा मिनिटं बसू.” पुढच्या वेळी आम्ही नुसते बसलो, गाडी तेवढ्याच वेळात सुरू झाली. तिसऱ्या वेळी थांबताक्षणी त्यांनी भरपूर पाणी ओतून पंप गार केला आणि लगेच स्टार्टर मारायला लावला. गाडी ढिम्म. “वाफ नाही ही,” ते म्हणाले. “वैद्यबुवांचं खरं होतं, पण ते तेव्हाचं.”

ही चपराक मला आवश्यक होती. वडिलांचे निदान मला इतके मोलाचे वाटले होते की, ते मी आजच्या रुग्णावर लादायला निघालो होतो. रूप तेच, चढणही तशीच. संप्राप्ती मात्र वेगळी. परंपरेचे आणि आपले नाते पुष्कळदा असेच बिघडते. पूर्वसूरींनी कष्टाने मिळवलेले उत्तर आपण उचलतो आणि त्यांनी ते ज्या रीतीने मिळवले ती रीत मागे ठेवतो.

मिस्त्रींची रीत साधी होती. थांबताक्षणी त्यांनी प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली. ठिणगी निळी, दमदार. म्हणजे करंट ठीक. मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून स्टार्टर फिरवला. पेट्रोल थेंबथेंब आले. म्हणजे अडथळा कार्बोरेटरच्या आधी. पण पंपात की पंपाच्या मागे? गॅरेजात परतल्यावर त्यांनी मागच्या टाकीकडून येणारी वाट तोडली आणि पंपाला पेट्रोलची एक बाटली जोडली. त्या बाटलीवर गाडी तासभर चालली. एकदाही अडखळली नाही. म्हणजे पंप निर्दोष, आणि दोष टाकी व पंप यांच्या मधल्या वाटेवर. ती वाट लोखंडी नळीची, शेवटी वीतभर रबरी नळी. बाहेरून ती नळी काळी कुळकुळीत, एक भेग नाही. मिस्त्रींनी ती पात्याने उभी चिरली. आतला थर फुगला होता आणि त्याचा एक पापुद्रा सुटून झडपेसारखा लोंबत होता. पंपाने जोर करून ओढले की पापुद्रा ओढला जाऊन वाट बंद करी. इंजिन थांबले, ओढ संपली, की तो हळूहळू मागे जाई आणि वाट मोकळी होई. म्हणून गाडी दहा मिनिटांत बरी होत होती.

नळी का फुगली, याचेही उत्तर त्यांच्याजवळ होते. 2023 पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि पुढच्या दोन वर्षांत ते सर्वत्र आले. मद्यार्काला जुन्या जातीचे रबर सोसत नाही, तो हवेतली आर्द्रता शोषतो, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळही सुटा करतो. हे इंधन आपल्या वाटेला येईल अशी कल्पनासुद्धा 1966 च्या गाडीला करता आली नसती. इंधनाचा तो दोष म्हणता येत नाही आणि नळीचाही नाही. दोघांची गाठ पडायला नको होती, एवढेच. आपल्याकडे इथेनॉल पुष्कळसे उसापासून येते, तेव्हा ज्या शिवारांच्या कडेने ही गाडी आजन्म फिरली, त्या शिवारांतला ऊसच तिच्या नसांत शिरून तिला बाधला. इथेनॉल सोसणाऱ्या रबराची नळी आणि पंपाचा तसाच नवा पडदा बसवला. त्या दिवसापासून गाडी थांबलेली नाही.

बाटलीच्या त्या प्रयोगाने मला माझ्या प्रबंधातली एक जुनी लाज आठवली. गेल्या शतकातल्या एका कवीच्या एका अनपेक्षित शब्दावर मी प्रबंधात तीन पाने लिहिली होती. त्या शब्दातून कवीची संपूर्ण जीवनदृष्टी उलगडून दाखवली होती. परीक्षकांनी त्या पानांचे कौतुक केले. पदवी मिळाल्यावर बऱ्याच वर्षांनी पहिल्या आवृत्तीची प्रत हाती आली, आणि तिथे तो शब्द नव्हता. साधा, सर्वांना परिचित असलेला एक शब्द होता. दुसऱ्या आवृत्तीच्या जुळाऱ्याने एक अक्षर बदलले होते. मूळ टाकीतले पेट्रोल शुद्ध होते. बिघाड मधल्या नळीत होता, आणि मी इंजिनाच्या स्वभावावर भाष्य करीत बसलो होतो. बाटली लावून पाहण्याचे मला सुचले नव्हते.

आपल्या भाषेत मोठ्यांनी ही बाटली लावून दाखवलेली आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून तिचा पाठ शुद्ध केला, आणि त्या पाठात आपली ओवी कुणी घालू नये असेही बजावले. नकलांच्या वाटेवर कुठे काय शिरले, ते शोधावे, काढावे, आणि आपले काही मागे ठेवू नये. पाठचिकित्सेची याहून नेमकी व्याख्या मी दिलेली नाही. ‘चिकित्सा’ हा शब्द आपण वैद्यांकडून घेतला. त्यांचा संयम मात्र घ्यायचा राहिला.

मिस्त्री गेल्या हिवाळ्यात गेले. गॅरेज चालू आहे. त्यांच्या मुलाचा कानही तयार होतो आहे. अण्णांच्या वहीत मी आता माझी नोंद करतो. रबरी नळीचे दुखणे पाचही मथळ्यांखाली लिहिले. हेतूपुढे प्रामाणिकपणे ‘नळीचे वय. प्राध्यापकाची घाई’ असेही लिहिले. 1974 च्या पानावर मात्र काही लिहिलेले नाही. जेट पडल्याची नोंद तिथे माझ्या अक्षरात करावी, असे एकदा मनात आले होते. पेनचे टोपणही काढले होते. मग एकनाथांची ताकीद आठवली.

एक गोष्ट सांगायची राहिली. गाडीच्या डिकीत, सुट्या चाकाच्या कडेला, आईच्या जुन्या लुगड्याचा एक हातभर तुकडा आणि एक रिकामी बाटली नेहमी असे. काच पुसायला असेल, असे समजून मी त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. 2021 मध्ये गाडी बाहेर काढली तेव्हा दोन्ही वस्तू कचऱ्यात टाकल्या होत्या. 1977 पासून अण्णांनी गाडी चालवली तितकी वर्षे ते फडके त्यांनी जवळ बाळगले होते, आणि ते कशासाठी आहे हे घरात कुणाला सांगितले नव्हते. उत्तर सापडल्यावर ज्याला ते द्यायचे ते माणूस राहिलेले नसते. तरी माणसे उत्तर जवळ ठेवतात.

‘निदान’ या शब्दाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे. ‘निदान एवढे तरी’ असे आपण म्हणतो, तेव्हा सर्व हातचे गेल्यावर जे किमान उरते त्याकडे बोट दाखवत असतो. निदान मला एवढे तरी कळले, की तो पाऊण तास अण्णांच्या हिशेबात कधी नव्हता. परवा मी जुन्या धोतराचा एक तुकडा फाडून, धुऊन, डिकीत ठेवला आहे. आजच्या गाडीला त्याचा उपयोग होईलच असे नाही.